वैनगंगेच्या काठाकाठाने: आंभोऱ्यापासून चपराळ्यापर्यंत

नागपूरहून गडचिरोलीला निघालेला माणूस सहसा उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी असा सरळ रस्ता धरतो आणि चार तासांत पोहोचतो. या वाटेवर वैनगंगा त्याला दिसते ती ब्रह्मपुरी ओलांडल्यावरच्या पुलावर, तीही मिनिटभर. पलीकडे गेले की गाडी पुन्हा झाडीत शिरते आणि नदी मागे पडते. यंदा मार्गशीर्षात आम्ही हा सरळ रस्ता मुद्दाम सोडला. नदी जिकडे वळेल तिकडे रस्ता नेईल तितके वळायचे, वेळ लागला तरी लागू द्यायचा, पण कुही तालुक्यातल्या आंभोऱ्यापासून चपराळ्याच्या संगमापर्यंत तिची सोबत सोडायची नाही, असे ठरवून निघालो. सोबत बाबा होते. त्यांची सारी नोकरी लाखांदूर तालुक्यातल्या शाळांमध्ये गेली असल्यामुळे या काठावरचे प्रत्येक वळण त्यांना ठाऊक आहे, आणि मला ते त्यांच्याकडूनच ऐकायचे होते.

झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्याचे, नाव निघाले की बाहेरच्यांना जंगल आठवते, वाघ आठवतो, आणि त्यानंतर मागासलेपण. जुन्या वस्त्या, जुने व्यापारी मार्ग, जुने ग्रंथ या गोष्टी महाराष्ट्राच्या पश्चिमेकडे असाव्यात आणि इकडे नुसते अरण्य असावे, असा समज शाळेच्या पुस्तकांतून आपल्या मनात इतका पक्का बसला आहे की आम्ही इथे जन्मलेले लोकही तो खरा मानत आलो. वैनगंगेचे खोरे काठाकाठाने पाहिले की हा समज टिकत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी जिथे तटबंदी होती तिथेच आज बाजार भरतो, आणि जिथे स्तूप होता त्याच्याच भोवती आज धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेते, आहेत. इथली वस्ती कधी तुटली असेल असे ती पाहताना वाटत नाही. आपले तिच्याकडे लक्ष गेले नाही, एवढेच घडले आहे.

नदीविषयी थोडे आधी सांगायला हवे. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात, मुंडारा गावाजवळ, सातपुड्याच्या पठारावर. तिथून ती आधी उत्तरेकडे झेप घेते, मग मोठा वळसा घेऊन बालाघाटकडे दक्षिणेला उतरते आणि महाराष्ट्रात शिरून भंडाऱ्याशेजारून पुढे चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते. तिची लांबी सुमारे पावणेसहाशे किलोमीटर आहे. कन्हान, चुलबंद, खोब्रागडी, कठाणी अशा कितीतरी नद्या तिला येऊन मिळतात, आणि शेवटी चपराळ्याजवळ वर्धा नदी भेटली की दोघींचीही नावे संपून प्राणहिता सुरू होते.

नागपूर सोडल्यावर कुहीच्या पुढे मांढळ लागते. वाकाटकांचे ताम्रपट आणि शैव मूर्ती इथल्या उत्खननात सापडल्या, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव ओळखीचे आहे; रस्त्याने जाणाऱ्याला मात्र मांढळची पहिली ओळख होते ती मिरचीच्या ठसक्याने. या भागात आणि शेजारच्या भिवापूरकडे मिरचीचे सातरे, म्हणजे देठ तोडण्याची ठिकाणे, चालतात. आम्ही एका सातऱ्याशी थांबलो. मोठ्या मोकळ्या जागेवर लाल मिरचीचे ढीग पडले होते आणि त्यांच्याभोवती गोल करून बायका बसल्या होत्या. नाकातोंडावर ओढणी किंवा पदर घट्ट बांधलेला, डाव्या हाताच्या मुठीत मिरच्या, आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत एकेक देठ असा काही सफाईने तुटत होता की नजर हातावर ठरत नव्हती. मजुरी किलोवर मिळते. एका आजीने बोटे पुढे करून दाखवली; टोकांची कातडी गुळगुळीत झाली होती आणि नखांच्या कडा नारिंगी. घरी गेल्यावर लेकराला हात लावायच्या आधी तेल लावून, मग राखेने घासून हात धुवावे लागतात, असे तिने सांगितले. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. तो अभिमान ज्यांच्या बोटांवर उभा आहे त्या बायकांच्या मजुरीचा विचारही त्याच आनंदात व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

मांढळहून वेलतूरमार्गे आंभोरा. इथे वैनगंगेला कन्हान, आम, कोलारी आणि मुरझा या नद्या मिळतात, म्हणून याला पाच नद्यांचा संगम म्हणतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देऊळ आहे आणि पायथ्याशी, जिथवर नजर जाईल तिथवर पाणी. हे पाणी संगमाचे असले तरी त्याचा एवढा विस्तार गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यामुळे झालेला आहे. बाबांच्या आठवणीतला आंभोरा वेगळा आहे: उन्हाळ्यात पाच धारा वाळूतून वेगवेगळ्या ओळखू येत आणि शिवरात्रीच्या यात्रेला माणसे वाळवंटात राहुट्या टाकत. आता त्या पाण्यावर झुलत्या तारांचा भव्य पूल उभा आहे, वर खोऱ्याचे दर्शन घ्यायला काचेची गॅलरी आहे, आणि सुट्टीच्या दिवशी नागपूरकरांच्या गाड्यांची रांग लागते. गॅलरीतून दिसणारे दृश्य खरोखर फार सुंदर आहे. चहूकडे निळे पाणी, मधे बेटांसारख्या उरलेल्या टेकड्या आणि पलीकडे भंडारा जिल्ह्याची हिरवी रेघ, असे ते दिसते.

पण आंभोऱ्याचे मोठेपण मला त्या पुलापेक्षा दुसऱ्या गोष्टीत वाटते. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानला जातो. ज्ञानेश्वरीच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा हा ग्रंथ मराठीतल्या अगदी पहिल्या ग्रंथांपैकी एक आहे, आणि तो याच वैनगंगेच्या तीरावर, आंभोऱ्याला लिहिला गेला अशी इकडची धारणा आहे. मुकुंदराजांची समाधी अंबेजोगाईला दाखवतात आणि ग्रंथाचे स्थळ कोणते यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. तो वाद मिटवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु मराठीच्या आरंभाची चर्चा जिथवर जाऊन पोहोचते त्या मोजक्या गावांत झाडीच्या तोंडावरचे हे गाव आहे, ही गोष्ट आंभोऱ्याच्या पायऱ्यांवर बसून मनात आणली की त्या पाण्याकडे पाहण्याची नजर बदलते. टेकडीवर मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधी आहे. बाबा तिथे बराच वेळ बसले. आंभोऱ्याला आलेल्या मुलांना हे कोणीतरी सांगायला हवे, एवढेच ते उठताना म्हणाले.

पूल ओलांडून भंडारा जिल्ह्यात उतरलो आणि अड्याळच्या बाजूने पवनीकडे वळलो. पवनीच्या अलीकडे गोसेखुर्द. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अकरा किलोमीटरहून लांब भिंत आणि तेहतीस दरवाजे, असा त्याचा पसारा आहे. भिंतीच्या एका बाजूला समुद्रासारखे पाणी आणि दुसऱ्या बाजूला खडकांमधून वाहणारी कमी रुंदीची धार, हे एकाच वेळी पाहताना माणूस गप्प होतो. धानाला वेळेवर पाणी मिळावे ही या खोऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची गरज आहे, त्यामुळे धरण नको होते असे मी म्हणणार नाही. मात्र ज्यांची गावे या पाण्याखाली गेली त्यांच्या पुनर्वसनाची कहाणी एका पिढीहून लांबली, कालव्यांची कामे त्याहून लांबली, आणि नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून याच जलाशयात येत राहिले. आता याच पाण्यातून पश्चिमेकडे, बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत सुमारे ४२६ किलोमीटरचा जोडकालवा नेण्याच्या योजनेला राज्य शासनाने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी मिळालेच पाहिजे. त्याच वेळी काठावरच्या धानउत्पादकाच्या बांधीत ते आधी पोहोचले पाहिजे, हेही तितक्याच आग्रहाने मांडायला हवे.

पवनीला आम्ही दिवसाचा बराचसा वेळ दिला. मातीचा जुना तट आणि खंदक अजून ओळखता येतात. शहरात शिरताना दरवाजाची भव्य कमान लागते आणि नदीच्या बाजूला घाटांची रांग आहे. इतकी देवळे आहेत की लोक पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. या सगळ्याच्या खाली त्याहून जुनी पवनी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीखालून एक प्रचंड स्तूप उजेडात आला, व्यासाने सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा. त्याच्या कठड्याचे कोरीव खांब सापडले. त्यांतल्या एकावर बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्प आणि त्याचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. बुद्धाची मूर्ती घडवण्याची रीत पडण्यापूर्वीचा तो काळ, त्यामुळे शिल्पात बुद्ध नाही. रिकामे आसन आहे आणि त्यावर नागाची छाया आहे. भार कुळातला राजा भगदत्त आणि महाक्षत्रप रूपिअम्म यांची नावे सांगणारे लेखही पवनीनेच दिले. पश्चिम भारतात राज्य करणाऱ्या क्षत्रपांचे नाव इतक्या पूर्वेला, वैनगंगेच्या काठावर सापडते, म्हणजे हे गाव त्या काळी कोणत्या मार्गांवर उभे होते याची कल्पना यावी.

जगन्नाथ टेकडीवर आज देऊळ आहे. खाली घरे, त्यांच्यामागे शेते. टेकडीच्या उतारावर हाताएवढ्या रुंद जुन्या विटा मातीतून डोकावताना दिसल्या आणि बाबांनी त्यांतल्या एकीवरची माती हाताने पुसली. वीट चांगली भाजलेली, कडेला भाताच्या तुसाचे ठसे स्पष्ट. म्हणजे ती घडवणाऱ्यानेही मातीत तूस कालवले होते. आजचा वीटभट्टीवालाही तेच करतो. संग्रहालयातल्या कोणत्याही शिल्पाने मला जे सांगितले नव्हते ते त्या विटेने सांगितले. आम्ही ती जागच्या जागी राहू दिली.

याच भागातला आणखी एक पुरावा मला फार मोलाचा वाटतो. नागभीडच्या बाजूला देवटेक नावाचे ठिकाण आहे. तिथल्या शिळेवर दोन लेख आहेत. त्यांतला जुना लेख प्राण्यांना पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारा आहे आणि त्यात चिकंबरी या गावाचे नाव येते, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ही चिकंबरी म्हणजे शेजारचे चिकमारा असे दाखवून दिले. दुसरा लेख वाकाटक राजा रुद्रसेन याच्या काळातला आहे. शिळा आता नागपूरच्या संग्रहालयात आहे. या परिसरात आज उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे, वाघाच्या मागावर पर्यटकांच्या जिप्सी धावतात, आणि बावीस शतकांपूर्वीच्या एका अमात्याने याच मुलखात प्राणिहत्येवर बंदी घातली होती हे त्या जिप्सीत बसलेल्यांना कोणी सांगत नाही. अभयारण्याच्या फाटकावर या लेखाचा मराठी अर्थ लिहिलेला एक फलक लावावा, ही माझी अगदी साधी मागणी आहे.

पवनीहून लाखांदूरकडे निघालो की खरी झाडी सुरू होते. धान कापून झाले होते. काही बांध्यांत कडपा अजून वाळत होत्या, काही ठिकाणी भारे बांधून पुंजणे रचले होते, आणि रस्त्याच्या कडेला मळणीयंत्राच्या धुरळ्यात माणसे ओळखू येत नव्हती. इथला शेतकरी जमीन एका नावाने ओळखत नाही. सर्वांत भारी काळी ती कन्हार, त्याखालोखाल मोरंड, हलकी पिवळसर ती सिहार, आणि उतारावरची मुरमाड ती बरडी. कोणत्या बांधीत भारी धान लावायचे आणि कोणत्यात हलके, पाणी किती दिवस थांबेल, नंतर लाखोरी (लाखेची डाळ) टाकता येईल की नाही, हे सगळे या नावांवरून ठरते. धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोरी आणि जवस फेकतात. कापणी झाल्यावर तेच कोवळे कोंब धसकटांमधून हिरवेगार दिसतात. नांगरट नाही, पाणी नाही, मागे उरलेल्या ओलीवर आलेले हे दुसरे पीक. त्या दिवशी जेवायला एका ओळखीच्या घरी लाखोरीचे वरण, भात आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी होती. त्या चवीसाठी मी हा सारा रस्ता पुन्हा करीन.

दर दोन-तीन गावांनी तलावाची पाळ दिसते. गोंड राजांच्या काळात ज्यांनी जंगल तोडून तलाव बांधला त्यांना जमिनीचे हक्क मिळत, आणि कोहळी समाजाने ही विद्या हाताशी असल्यासारखे हजारो तलाव उभे केले. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणारी जुनी जमीनदारी, गेल्यावर ते सरकारजमा झाले, त्यांना ‘माजी मालगुजारी’ म्हणून ‘मामा तलाव’ हे नाव पडले, आणि पुष्कळ ठिकाणी गाळाने भरले. तरीही पाळीवर उभे राहून पाहिले तर योजना लगेच समजते: वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याखालच्या बोडीत, आणि उरलेले पाणी शेवटी नदीत. मोठ्या धरणाशिवाय एका पावसाचे पाणी चार वेळा वापरायची ही व्यवस्था होती. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या काही मंडळींनी आपापल्या तलावांतले बेशरम नावाचे तण उपटून देशी वनस्पती आणि देशी मासळी परत आणण्याचे काम सुरू केले आहे. या प्रवासात सर्वांत आशेचे काम मला हेच वाटले.

वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे. दिवाळीनंतर भाऊबीजेपासून होळीपर्यंत गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, शंकरपट (बैलांच्या शर्यती) होतात, आणि त्या रात्री नाटक असतेच. गावातल्या चौकात नाटक कंपन्यांची कार्यालये एकाला लागून एक आहेत. भिंतींवर रंगीत पोस्टरे, आणि टेबलाशी बसलेले आयोजक पुढच्या तारखा ठरवत होते. बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठून २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परवानगी कायम केली, तेव्हापासून पटाच्या रात्रींना पुन्हा जोर आला आहे. त्याच वर्षी परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि झाडीच्या नटाचे नाव दिल्लीपर्यंत गेले. आम्ही ज्या गावी नाटक पाहिले तिथे कापलेल्या बांधीतच मंडप होता. प्रेक्षकांखाली तणस अंथरलेली, पुढे ऑर्गन आणि तबला, आणि रात्रीचे दोन वाजून गेले तरी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका जागच्या हलल्या नव्हत्या. शासनाच्या मदतीशिवाय, तिकिटावर, इतक्या संख्येने चालणारी रंगभूमी आपल्या राज्यात इतरत्र क्वचितच असेल, आणि मराठी नाटकाच्या इतिहासात तिला मिळणारी जागा तिच्या मानाने फारच थोडी आहे.

वडशाहून ब्रह्मपुरीकडच्या पुलावर आम्ही गाडी बाजूला घेतली. पात्र इथे विस्तीर्ण आहे. वाळूचे पट्टे, मधे संथ निळे पाणी, आणि दोन डोंगे जाळे टाकीत जाताना दिसत होते. पुलाजवळच्या टपरीवर चहा करणाऱ्या बाईंशी बोलणे झाले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसेखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडले गेले तेव्हा या काठावर जो महापूर आला त्यात लाडज, पिंपळगाव भोसले अशी ब्रह्मपुरी तालुक्यातली गावे वेढली गेली होती. बाईंचे माहेर त्यांतल्याच एका गावी. “आमच्या घरात छातीएवढा पाणी होता जी,” त्या म्हणाल्या, “धान बुडला, ढोरं गेली, पण आई काही काठ सोडून जाच म्हणत नाही.” पावसाचा जोर वरच्या खोऱ्यात, शिवनी-बालाघाटकडे असतो आणि पाणी चढते खाली, स्वच्छ उन्हात, म्हणून वरच्या धरणांचा निरोप वेळेवर गावापर्यंत पोहोचणे हाच या काठचा जीव वाचवणारा उपाय आहे. बाबांनी त्यांना त्या वर्षीच्या शाळेविषयी विचारले. पुस्तके पाळीवर वाळत घातली होती, असे उत्तर आले.

आरमोरीला कोशाच्या (टसर रेशमाच्या) कापडाची दुकाने पाहून आम्ही वैरागडला वळलो. खोब्रागडीच्या काठचा हा किल्ला झाडोऱ्यात हरवत चालला असला तरी तट, खंदक आणि दरवाजा अजून दिमाखात उभे आहेत. इथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या दरबारातल्या ‘आईने-अकबरी’त आहे, म्हणजे मुघल दरबाराला हे गाव ठाऊक होते. गावातले भंडारेश्वराचे देऊळ आवर्जून पाहण्यासारखे आहे. गडचिरोली शहरात आम्ही थांबलो नाही; कठाणी ओलांडून चामोर्शीचा रस्ता धरला.

मार्कंडा पाहण्यासाठी हा सगळा मार्ग केला असे म्हटले तरी चालेल. चामोर्शीजवळ वैनगंगा मोठे वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते, आणि उत्तरवाहिनी नदीचा काठ पवित्र मानतात, म्हणून या वळणावरच देवळांचा समूह उभा राहिला. मार्कंडेय ऋषींचे मुख्य देऊळ, त्याच्याभोवती मृकंडू, यम, शंकर अशी लहानमोठी देवळे, आणि सगळ्यांभोवती दगडी आवार. पुरातत्त्वज्ञ जनरल कनिंगहॅम १८७० च्या दशकात इथे आले आणि त्यांनी आपल्या अहवालात या समूहाचे सविस्तर वर्णन केले. मुख्य देवळाच्या भिंतीवर शिल्पांचे थर एकावर एक चढत जातात. देवता, अप्सरा, व्याल, हत्तींच्या रांगा, आणि त्यांतली एक स्त्री पायातला काटा काढण्यासाठी वाकलेली. तिच्या उचललेल्या टाचेचा ताण आणि तोल सावरण्यासाठी मागे टेकलेला हात, एवढ्यावरून ती क्षणापूर्वीच थबकली असावी असे वाटते. पूर्वी कधीतरी वीज पडून मंडपाचे छत कोसळले आणि एका गोंड राजाने त्याची डागडुजी केली असे गावात सांगतात.

मन खिन्न करणारी गोष्ट अशी की मुख्य देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेऊन अनेक वर्षे लोटली तरी ते पूर्ण झालेले नाही. उतरवलेले दगड क्रमांक टाकून आवारात मांडून ठेवले आहेत आणि त्यांच्या फटींतून गवत उगवते. महाशिवरात्रीला इथे लाखोंची यात्रा भरते. आदिवासी पाड्यांवरून, तेलंगणातून, चंद्रपूरकडून माणसे येतात आणि अर्धवट उभ्या शिखराला हात जोडून जातात. एवढ्या मोलाचे काम पैशाअभावी किंवा कारागिरांअभावी थांबावे, आणि विदर्भाबाहेर त्याची बातमीसुद्धा होऊ नये, याचे मला अतिशय वाईट वाटते. हेच देऊळ मुंबई-पुण्याच्या वाटेवर असते तर असे झाले नसते, असे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

शेवटचा टप्पा आष्टीच्या बाजूने चपराळ्याचा. सागवान आणि बांबूच्या दाट अभयारण्यातून रस्ता संगमाकडे उतरतो. हनुमान मंदिर असलेल्या प्रशांतधामाजवळ उभे राहिले की पश्चिमेकडून येणारी वर्धा दिसते. ती येते कापूस आणि तुरीच्या काळ्या रानातून, कौंडण्यपूर, पुलगाव, बल्लारपूर अशी गावे मागे टाकत, आणि वैनगंगा येते धान आणि तलावांच्या मुलखातून. वऱ्हाड आणि झाडी यांच्या बोलीत फरक, जेवणात फरक, घरबांधणीत फरक. एकमेकांविषयीची माहितीही थोडीच. विदर्भाचे हे दोन भाग एकमेकांत मिसळताना डोळ्यांनी पाहायचे असतील तर ते याच ठिकाणी. पुढे प्राणहिता म्हणून ११३ किलोमीटर वाहून हे पाणी सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते.

ज्यांना हा मार्ग करायचा असेल त्यांनी दिवाळीनंतर होळीच्या आत निघावे; पावसाळ्यात नाले रस्त्यावरून वाहतात आणि उन्हाळ्यात झाडीचे रूप निराळेच असते. मुक्काम पवनी, वडसा आणि गडचिरोली इथे सोयीचा पडतो. चामोर्शीच्या पुढे गाडीत पेट्रोल भरून घ्यावे आणि अंधार पडण्याआधी अभयारण्यातून बाहेर यावे. वडशाला पोहोचल्यावर कोणत्या गावी नाटक आहे ते चहाच्या टपरीवर विचारावे, आणि तिकीट संध्याकाळीच काढून ठेवावे, कारण नाव झालेल्या कंपनीचा मंडप नऊच्या आत भरतो. आष्टीहून पूल ओलांडून गोंडपिपरीमार्गे चंद्रपूरला परतता येते. आम्ही तसेच परतलो, आणि बाबांनी वाटेतच सिरोंचाच्या रस्त्याची चौकशी सुरू केली आहे.